पाचारण ओळखण्याचं शिबिर: जालन्याहून जाऊन आलेल्या एका संडे स्कूलवालीचा अभिप्राय

मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, कुणीतरी ‘ताई, तुमच्यावर प्रभूचा हात आहे, तुम्ही सेवेत या’ असं म्हटलंय आणि त्यावर काय बोलावं ते सुचत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. पाचारण म्हणजे देवानं आपल्या कामासाठी बोलावणं. संभाजीनगरजवळ (आमच्या तोंडात अजून औरंगाबादच येतं) एका ख्रिस्ती निवासी केंद्रात उन्हाळा लागायच्या आधी हे शिबिर भरतं. गुरुवारी दुपारी सुरू, रविवारच्या उपासनेनंतर सुट्टी. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण थोडी टीका करणार आहे. मराठवाड्यात आपला समाज केवढासा; आज नाव लिहावं तर उद्या कुणाच्या तरी लग्नात पंगतीला शेजारीच बसायची वेळ येते. पाळकसाहेबांना विचारा, त्यांना ठाऊक असतं.

आमच्याकडं पाचारण कसं ठरतं ते आधी सांगते. कॉटेज मीटिंगमध्ये (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) कुणी खणखणीत आवाजात साक्ष दिली, दोन वचनं तोंडपाठ म्हटली, मधेच डोळे पुसले, की झालं. ‘ब्रदरला पाचारण आहे.’ पुढच्या महिन्यात ब्रदरच्या हातात माईक. शिकवता येतं का, ज्यांना सांगायचं त्यांच्याशी नीट बोलता येतं का, घरी कसा वागतो, हे विचारायला कुणाला फुरसत नसते. मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये उगवण चाचणीचं काम करते आणि रविवारी संडे स्कूल घेते. नवीन पाळकसाहेबांनी नाताळात मुलांचा कार्यक्रम बघितला आणि म्हणाले, ‘मावशी, तुम्ही गावोगाव सुवार्तेला निघायला पाहिजे.’ सुवार्तेला म्हणजे येशूबद्दल लोकांना सांगायला. पोरांना गप्प बसवता येतं म्हणून गावोगाव निघायचं, हा हिशोब मला काही जमेना. पण भीड भिकेची बहीण. थेट नाही म्हणवेना, म्हणून नाव नोंदवलं.

राहण्या-जेवणासकट बाराशे रुपये, आणि तेवढ्यात हे स्वस्तच आहे. खोलीत चार कॉट, गाद्या पातळ, पाणी टँकरचं, त्यामुळं आंघोळीला एकच बादली. जेवणाबद्दल मात्र तक्रार करणाऱ्याची जीभ झडेल. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला, दुपारी ज्वारीची भाकरी आणि येसरची आमटी, सोबत शेंगदाण्याची चटणी. एका सकाळी तर धपाटे आणि दही. स्वयंपाकघरातल्या बायांना पाचपैकी पाच, आणि त्या बायांचा विषय पुढं परत येणार आहे.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात एक जाडजूड प्रश्नावली दिली. ‘तुमचे कृपादान ओळखा.’ कृपादान म्हणजे सेवेसाठी देवानं दिलेली देणगी. बहुतेक इंग्रजीवरून उतरवलेली असावी, कारण वाक्यं अशी की तोंडात घोळवली तरी उतरत नाहीत. ‘अनोळखी व्यक्तींशी संभाषण करताना मला उत्साहाचा अनुभव येतो: नेहमी, कधीकधी, कधीच नाही.’ आता एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या कोणत्याही बाईला हा उत्साह येतो, त्यात कृपादान कुठलं? गुणांची बेरीज केली तर माझं पहिलं कृपादान निघालं सुवार्ता. पाळकसाहेब खूश झाले असते. माझ्या शेजारी बसलेल्या, मान वर न करणाऱ्या पोराला निघालं प्रशासन. लॅबमध्ये आम्ही चारशे दाणे मोजतो, ओल्या कागदात गुंडाळतो, ठरलेल्या तापमानात ठेवतो, ठरलेल्या दिवशी उघडून मोजतो. बियाला कधी विचारत नाही की बाबा, तू उगवशील असं तुला वाटतं का, नेहमी, कधीकधी की कधीच नाही. संयोजकांना मी हे तोंडावर म्हटलं. ते हसले, पण प्रश्नावली काही परत घेतली नाही. या भागाला मी गुणच देत नाही.

शुक्रवारची सकाळ मात्र पैसे वसूल करणारी. एका निवृत्त प्रेसबिटरांनी (दीक्षित पाळकांनी) बायबलचा अभ्यास घेतला. कानात यंत्र, आवाज बारीक, फळ्याला पाठ लावून उभे. आधी इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडायला लावला. प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक, शिक्षक अशी यादी तिथं आहे. म्हणाले, ‘आपल्याकडं ही सगळी कामं एकाच माणसाच्या गळ्यात मारतात आणि तो दमला की म्हणतात, याला पाचारणच नव्हतं.’ मग सुवार्तिक कसा असतो ते दाखवायला प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय. फिलिप्प त्या हबशी अधिकाऱ्याच्या रथाजवळ जातो तेव्हा आधी प्रश्न विचारतो: वाचताय ते समजतंय का? मग तो माणूस विचारतो की संदेष्टा हे कुणाबद्दल बोलतोय, आणि फिलिप्पाचं बोलणं तिथून सुरू होतं. समोरच्याचा प्रश्न ऐकून त्याच जागेवरून ज्याला सांगता येतं, तो सुवार्तिक. शिक्षकाचं काम निराळं. अठराव्या अध्यायातला अपुल्लोस वक्ता जबरदस्त, शास्त्रात मुरलेला, पण त्याला योहानाचा बाप्तिस्मा तेवढा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी सभास्थानात त्याची शोभा केली नाही, आपल्याकडं बोलावून नीट समजावून सांगितलं. आणि याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय तर सुरुवातीलाच बजावतो की तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्याचा न्याय जास्त कडक होतो. ही ओळ वाचल्यावर पुढच्या बाकावरचे दोन तरुण ब्रदर जरा खाली सरकून बसले.

मला या सत्रातून जे मिळालं ते हे की बायबलमध्ये पाचारण सहसा एकट्यानं ओळखलेलं नसतं. लहान शमुवेल हाक ऐकून तीनदा एलीकडं पळत जातो. हाक कुणाची आहे ते शेवटी ओळखलं एलीनं, ज्याची नजर अधू झाली होती आणि ज्याचं स्वतःचं घर पार बिघडलं होतं. शौलाला (तोच पुढं पौल) दिमिष्काच्या वाटेवर प्रभूनं थेट गाठलं, त्याहून मोठा अनुभव तो काय असणार? तरी पुढं बरीच वर्षं गेल्यावर अंत्युखियाची मंडळी उपास करून उपासना करत असताना, पवित्र आत्म्यानं त्या सगळ्यांना सांगितलं की बर्णबा आणि शौल यांना वेगळं करा. हात ठेवून पाठवलं ते मंडळीनं. प्रेसबिटरांनी मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या प्रचारकांसाठीच्या कसोटीबद्दलही सांगितलं. १७४६ च्या त्यांच्या परिषदेत, आपल्याला पाचारण आहे म्हणणाऱ्यांबद्दल तीन गोष्टी बघायच्या असं ठरलं होतं: देवाची ओळख आहे का, अंगी दान आहे का, आणि कामाला फळ आलंय का. पहिलीचं उत्तर माणूस स्वतः देऊ शकेल. उरलेल्या दोन्हींसाठी दुसऱ्याला विचारावंच लागतं.

जालन्याचा विषय निघाला तेव्हा मी कान टवकारले. रेव्हरंड नारायण शेषाद्री, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्यांनी आमच्या जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर. बेथेलचं नाव आम्ही लहानपणापासून ऐकतो, पण ते सुवार्तिकाचं काम म्हणून कुणी समजावलं नव्हतं. माणसं विश्वासात आली, तर ती राहणार कुठं, कसणार काय, त्यांची पोरं शिकणार कुठं, हेही त्यांनाच बघावं लागलं. हाच माणूस १८७३ मध्ये न्यू यॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत जाऊन बोलला. प्रेसबिटर म्हणाले, न्यू यॉर्कला जायला सगळे तयार असतात, जमिनीच्या कागदपत्रांसाठी खेटे घालायला कोण तयार आहे ते सांगा. कुणी हात वर केला नाही.

पैशाबद्दलही ते स्पष्ट बोलले, आणि हे आपल्याकडं फार कमी वेळा होतं. मराठवाड्यात पाऊस दगा देतो, शेती पुरत नाही, शिकलेल्या पोराला नोकरी नाही. अशा घरात ‘सेवा’ हा पगाराचा रस्ताही असतो, आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही, पण तो पाचारणापासून वेगळा मोजायला हवा. त्यांचा प्रश्न साधा होता: पगार नसता तर हे काम केलं असतं का, किती दिवस, आणि घर कुणी चालवलं असतं? पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता, तेही याच अक्विला-प्रिस्किल्लाच्या घरी राहून. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. सगळ्यांनी टिळक व्हावं असं प्रेसबिटर म्हणाले नाहीत. हिशोब बायकोसमोर बसून करा, एवढंच म्हणाले.

आता सगळ्यात चांगला भाग. शुक्रवारी दुपारी प्रत्येकानं एक उतारा शिकवायचा. ऐकायला शिबिरार्थी नाहीत, तिघं बाहेरचे: स्वयंपाकघरातली एक बाई, केंद्राचे वॉचमन काका, आणि नववीतली एक मुलगी. शिकवणाऱ्यानं दहा मिनिटं शिकवून खोलीबाहेर जायचं, मग मार्गदर्शक त्या तिघांना विचारणार: काय ऐकलं? उत्तरं लिहून घेऊन नंतर आपल्याला वाचून दाखवणार. प्रत्येकाची वेळ वेगळी असली तरी दारं उघडीच होती आणि आम्ही सगळे व्हरांड्यातून ऐकत होतो, हे सांगायला हरकत नाही.

परभणीकडचा एक तरुण ब्रदर आधी गेला. काय बोलला! चढउतार, हातवारे, मधेच गाण्याची ओळ, वॉचमन काकांच्या डोळ्यात पाणी. तो बाहेर आल्यावर मार्गदर्शकांनी विचारलं, काय ऐकलं? काका म्हणाले, ‘लई भारी बोलले साहेब.’ पण कशाबद्दल? काका विचारात पडले. म्हणाले, ‘देवाबद्दलच की.’ मुलगी म्हणाली, ‘त्यांचा आवाज छान आहे.’ त्याच्यानंतर अंबडकडची एक भाजीवाली बाई. हरवलेल्या नाण्याचा दाखला. पुस्तक हातात थरथरत होतं, दोनदा ओळ चुकली, मधे इतका वेळ गप्प बसली की मलाच घाम फुटला. तिनं एवढंच सांगितलं की घरात अंधार होता म्हणून बाईनं आधी दिवा लावला, मग झाडलं, आणि नाणं सापडेपर्यंत कोपरे सोडले नाहीत. ती बाहेर आल्यावर स्वयंपाकघरातल्या बाईनं दाखला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला, आणि वर विचारलं, ‘पण मग शेजारणींना बोलावून आनंद केला, त्याच्यात एका नाण्यापेक्षा जास्त खर्च नसेल का झाला?’ मार्गदर्शकांनी पेन खाली ठेवलं. ज्याच्या शिकवण्यातून ऐकणाऱ्याला असा प्रश्न सुचतो त्याला शिकवता येतं, यावर माझ्या मते आणखी पुरावा नको. भाजीवाल्या ताईंच्या प्रश्नावलीत पहिलं कृपादान काय निघालं होतं माहीत आहे? आदरातिथ्य.

माझ्याबद्दल तिघांनी सांगितलं ते असं: समजलं सगळं, उदाहरणं चांगली, पण बाई शाळेत असल्यासारखी विचारते. ठीक आहे. पोरांना तेच लागतं.

शनिवारी सकाळी एक वकील आले होते. सुवार्ता सांगायला निघणाऱ्या प्रत्येकानं हे सत्र बसून ऐकावं. राज्यघटनेचं कलम २५ धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात ठरवलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवायचा हक्क नव्हे. आपली श्रद्धा समजावून सांगा, पण आमिष, धाक, फसवणूक यांची सावलीसुद्धा नको. वकीलसाहेबांनी ताकीद दिली ती रोजच्या कामातली: आजारी माणसाला ‘प्रार्थना करा म्हणजे गोळ्या बंद’ असं चुकूनही म्हणू नका, आईबापांना न विचारता पोरांना कार्यक्रमाला नेऊ नका, मदतीची पिशवी आणि पत्रक एकत्र देऊ नका. एकानं विचारलं, मग सुवार्ता सांगायची कशी? म्हणाले, शेजारी दहा वर्षं नीट राहा, तो स्वतः विचारील. फिलिप्पाचा रथ इथं परत आला, हे माझ्या लक्षात आलं. आयोजकांच्या आलं की नाही कोण जाणे, कारण रात्री त्यांनी उलटंच केलं.

शनिवारची रात्र. दिवे मंद, कीबोर्डवर एकच सूर ओढत ठेवलेला, स्टेजवर बाहेरून आलेले पाहुणे. ‘आज रात्री ज्याला प्रभू बोलावतोय त्यानं उभं राहावं.’ मग ‘अजून कुणीतरी आहे, मला दिसतंय.’ मग ‘शेवटची संधी.’ एकेक करत कॉलेजची पोरं उठायला लागली, मैत्रीण उठली म्हणून मैत्रीण. आणि उठलेल्यांच्या हातात लगेच फॉर्म: पूर्णवेळ सेवेसाठी समर्पण, नाव, सही, तारीख. मला याचा राग आला आणि अजून आहे. त्याच दिवशी सकाळी एका कॅथलिक सिस्टरनं आम्हाला संत इग्नेशियस लोयोला यांचा सल्ला समजावला होता. मन कोरडं, उदास असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही, आणि मन उचंबळून आलेलं असताना घाईनं नवसासारखं वचनही द्यायचं नाही; साधनेत मार्गदर्शन करणाऱ्यानं अशा भरात असलेल्या माणसाला उलट सावध करावं. सकाळी एक शिकवायचं आणि रात्री कीबोर्ड लावून त्याच्यावर बोळा फिरवायचा, याला काय म्हणावं? प्रशासनवाला पोरगा उभा राहिला नाही. त्याच्या बाजूला बसून मी त्याला शेंगदाण्याची चिक्की दिली.

बायांबद्दल एक. सत्रांमध्ये आम्हाला समान वागणूक होती, पण ‘पुढं काय’ या कागदावर पुरुषांसाठी ले प्रीचर (दीक्षा न घेतलेला प्रचारक), सुवार्तिक, थिऑलॉजीचं शिक्षण, आणि बायांसाठी महिला मंडळ, संडे स्कूल. १९७० मध्ये स्थापन झालेल्या आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बायांना पाळकपदाची दीक्षा मिळते. बायबल वुमन, म्हणजे बायबल शिकवत फिरणाऱ्या बाया, घरोघर, चुलीपर्यंत पोचायच्या तेव्हा पुरुष प्रचारक अंगणाच्या पुढं जाऊ शकत नव्हते. हा कागद कुणीतरी जुन्या फाइलीतून काढून झेरॉक्स केलेला दिसतो. बदला.

शिबिराची खरी किंमत कळते घरी आल्यावर. निघताना तीन बंद पाकिटं देतात: एक पाळकांना, एक घरातल्या माणसाला, एक मंडळीतल्या अशा माणसाला ज्याचं आपल्याशी पटत नाही. हे तिसरं पाकीट ज्यांनी सुचवलं त्यांना माझा दंडवत. तिघांनी प्रश्नांची उत्तरं लिहून थेट मार्गदर्शकांकडं पाठवायची, आणि काही महिन्यांनी मार्गदर्शक फोन करून आपल्याशी बोलतात. फोन ठरल्यापेक्षा उशिरा आला, पण चांगला तासभर बोलले. घरातलं पाकीट मी मुलीला दिलं होतं. तिनं लिहिलं होतं, ‘आई समजावून चांगलं सांगते, पण पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन बसते.’ न पटणाऱ्या बाईंनी (कमिटीत आहेत, नाव कशाला घेऊ) लिहिलं की हिनं शिकवलेली पोरं मोठी झाली तरी उपासनेला येतात, आणि येऊन प्रश्न विचारतात, ज्याचा कमिटीला त्रास होतो. मार्गदर्शकांनी फोनवर हे वाचलं तेव्हा आम्ही दोघंही हसलो. गावोगाव जायचा विषय तिथंच मिटला. आता मी संडे स्कूलसोबत दृढीकरणाचा (बाप्तिस्मा झालेल्यांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या तयारीचा) वर्ग घेते, पाळकसाहेबांनीच सोपवला.

परभणीच्या ब्रदरचं काय झालं माहीत नाही. भाजीवाल्या ताईंना त्यांच्या मंडळीनं बायांचा बायबल वर्ग दिलाय, एवढं कळलं.

पाचपैकी साडेतीन. शिकवण्याच्या चाचणीला आणि पाकिटांना पूर्ण गुण, प्रश्नावलीला शून्य, शनिवारच्या रात्रीमुळं एक वजा. कॉलेजातल्या मुलांना पाठवत असाल तर घरी आधीच सांगून ठेवा की त्या रात्री कशावरही सही करायची नाही, सोमवारी करू. चादर आणि उशीचा अभ्रा घरून न्या. जालन्याहून सकाळची कोणतीही एसटी चालते, उतरल्यावर रिक्षावाला जास्त सांगतो, शेअरिंगनं जा. नोंदणीला पाळकांची चिठ्ठी लागते आणि जागा थोड्या असतात, त्यामुळं ती जानेवारीतच मागून ठेवा.